सोलर म्हणजे सर्व्हर नव्हे!

तर मंडळी, आपल्या आयटीवाल्या जमातीला एक वाईट खोड आहे. काही अडलं की लगेच "बंद करून परत चालू कर". सर्व्हरला हे चालतं. गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरला नाही चालत.

मुरबाडजवळच्या आमच्या वीकेंड घरातलं पाणी नीट तापेना. बोअरचं पाणी, क्षार साचलेले. एप्रिलात गरम पाणी हवं होतं कोणाला, देव जाणे! पण मी ऑफिसातून घर सांभाळणाऱ्या काकांना फोन केला, "काका, सगळं पाणी काढा, नळ्या धुवा, परत भरा." झालं माझं काम.

काकांनी नळ्या धुऊन बसवल्या, जेवून आले आणि दुपारी एकला पाणी सोडलं. कोरडी नळी भर उन्हात दीडशे अंशांच्या वर सहज जाते. त्यात गार पाणी... एक नळी फुटली, काचा थेट काकांच्या पायाशी. शनिवारी गेलो तर म्हणाले, "साहेब, पाय वाचला. पण पाणी वाया गेलं त्याचं वाईट वाटतं."

खरं सांगतो, लाज वाटली. दोनशे लिटर म्हणजे बारा-तेरा हंडे. शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसाचं पाणी मुंबई पिते, आणि उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडचे पाडे टँकरची वाट बघतात. तिथे आम्ही बारा-तेरा हंडे गटारात सोडतो, तेही फोनवरून!

"काकांना पगार देतो ना?" असं कोणी म्हणेलच. देता, पण धोक्याची माहिती दिलीत का? ती पगारात येत नाही.

म्हणून हे काम पावसाळ्यानंतर करा आणि स्वतः हजर राहून करा. आदल्या संध्याकाळी नळ्यांवर ताडपत्री टाका, बॅकअप हीटरचा स्विच बंद करा, गरम पाणी वापरून टाका. पहाटे गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून टाकीचं पाणी पाइपने पिंपात घ्या. झाडांना, धुण्याला चालतं. हवेची नळी उघडी आहे ना, ते आधी बघा, नाहीतर टाकी आत चेपू शकते. आणि टाकी रिकामी झाली तरी काचेच्या नळ्या भरलेल्याच असतात, एकेकीत तीनेक लिटर. गरम असताना उपसली तर तेच पाणी अंगावर येतं. परत भरताना ऊन चढायच्या आत भरा. गरम पाण्याच्या नळातून सलग धार आली की मगच ताडपत्री काढा. हीटरचा स्विचही त्यानंतरच.

एवढं जमणार नसेल तर माहितगार माणूस बोलवा, पैसे द्या. पण ऑफिसच्या एसीत बसून दुसऱ्याला भर दुपारी गच्चीवर चढवू नका.

असो. नवीन नळी बसली. भरताना पिंपं मी धरली, सूचना काकांनी दिल्या :)