वाट आधी कोणाची?

वेंगुर्ल्याचे रस्ते मुळात मोटारींसाठी घडलेले नाहीत. बंदरावरचा माल घाटमाथ्याकडे नेणाऱ्या बैलगाड्या आणि वाडीवाडीतून बाजाराला येणारी माणसे यांच्या मापाने ते घडले. दोन्ही बाजूंस चिऱ्यांचे गडगे, मध्येच व्हाळ, त्यावर एका वेळी एकच गाडी मावेल असा साकव आणि साकव संपताच आंधळे वळण, अशी या तालुक्यातील अनेक वाटांची रचना आहे. त्याच वाटांवर आज एस. टी., मालाचे ट्रक, मासळीचे टेम्पो, रिक्षा आणि दुचाक्या धावतात. २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाल्यापासून पाहुण्यांच्या मोटारींचीही त्यांत भर पडली आहे. वेगाला आवर घालण्यासाठी कोठे गतिरोधक केले जातात, कोठे आडवेतिडवे अडसर लावून वाट मुद्दाम अरुंद केली जाते. उपाय योग्यच आहे. पण अशा अरुंद जागी दोन गाड्या समोरासमोर आल्या की कोणी थांबायचे, हा प्रश्न तो उपाय सोडवीत नाही.

त्याचे व्यवहारातील उत्तर सर्वांना ठाऊक आहे. जो आधी दिव्याची उघडझाप करील, ज्याचा भोंगा मोठा, ज्याची गाडी अवजड किंवा महाग, तो पुढे जातो. इतर देशांत हीच उघडझाप पुष्कळदा ‘आपण या’ असे सांगण्यासाठी होते. आपल्याकडे तिचा अर्थ ‘मी येतो आहे, तू थांब’ असा झाला आहे. बळी तो कान पिळी या न्यायाचे इतके उघड प्रात्यक्षिक दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

बेकारी आणि महागाई यांचे प्रश्न समोर असताना पक्षाच्या साप्ताहिकाने गाड्यांच्या शिष्टाचारावर लिहावे काय, अशी शंका कोणी घेईल. त्यांनी १९२४ सालचा वायकोमचा सत्याग्रह आठवावा. मंदिराभोवतालच्या रस्त्यावरून अस्पृश्य मानलेल्या माणसांना चालू द्यावे, एवढीच त्याची मागणी होती. रस्ता कोणाचा आणि कोणी कोणासाठी बाजूला व्हायचे, हा या देशात शिष्टाचाराचा नव्हे, समतेचा प्रश्न राहिला आहे. कायद्याने रस्ता सर्वांना खुला झाला. मात्र त्यावर आधी कोण, याचा निवाडा आजही पुष्कळदा ऐपतच करते.

वस्तुतः या प्रश्नाचे न्याय्य उत्तर आपल्या नियमांतच सापडते. १९८९ च्या वाहतूक नियमांनी असे सांगितले की, डोंगराळ व चढाच्या रस्त्यावर दोन गाड्या सुखरूप जाण्याइतकी रुंदी नसेल, तर उतरणाऱ्याने बाजूस थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी. २०१७ साली त्या नियमांच्या जागी नवे विनियम आले, तरी त्यामागील तत्त्व जुने झालेले नाही. भरलेली गाडी चढावर थांबली की तिचा जोर मोडतो. ती पुन्हा उचलणे कठीण असते आणि मागे घसरण्याचा धोका असतो. उतरणाऱ्यालाही थांबणे सोपे नसते हे खरे. परंतु त्याने वेग आधीच आवरलेला असणे अपेक्षितच आहे. आंबोलीच्या घाटात हे तत्त्व ज्याला कळते, त्याने सपाटीच्या साकवावरही ते आठवावे. ज्याच्यावर भार अधिक, त्याला वाट आधी. समाजवादाची याहून सोपी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

या न्यायाने पन्नास प्रवाशांची एस. टी. एकट्याच्या मोटारीआधी जावी आणि डोक्यावर पाटी घेतलेली मासळीवाली दोघांच्याही आधी. रुग्णवाहिकेची वाट अडविणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. पण माणुसकी केवळ दंडाच्या भीतीवर उभी राहत नाही.

तथापि सारा दोष चालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्याला खेपेवर पैसे मिळतात, त्याचे थांबणे म्हणजे मजुरी बुडणे. ज्याचे वेळापत्रक कचेरीत बसून आखले जाते, त्याला प्रत्येक साकवावर सौजन्य दाखविणे परवडत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांचा हिशेब केवळ ‘बेपर्वा चालक’ या शब्दांत मांडणे म्हणजे व्यवस्थेला मोकळे सोडणे होय.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक अरुंद पुलावर व अडसरावर कोणत्या दिशेने आधी जावे हे बाणांनी दाखविणाऱ्या पाट्या लावाव्यात. रस्त्यांच्या चिन्हांविषयी १९६८ साली व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात अशा पाट्यांची जोडी आहे : एका बाजूस थांबण्याची सूचना, दुसऱ्या बाजूस प्राधान्याची. ती पाटी गाडीची किंमत विचारीत नाही. साकवाच्या दोन्ही अंगांना थांबण्यापुरती रुंद जागा करावी. अडसर उभारताना पायी चालणारा व सायकलवाला यांच्यासाठी बाजूची वाट मोकळी ठेवावी. आणि वेळापत्रके रस्ता पाहून आखावीत. कार्यकर्त्यांनी आपापल्या वाडीतील अशा जागांची यादी करून ती ग्रामसभेत आणि नगरपरिषदेपुढे मांडावी.

या भागाचे लोकसभेतील प्रतिनिधी प्रा. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घातली. आधी कोणाची सोय पाहायची, याचा तो निर्णय होता. रस्त्यावरही तोच निर्णय रोज, प्रत्येक अरुंद जागी करावा लागतो. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरील लाल दिवे गेले. पण वाट मोकळी करून घेण्याची वृत्ती गेली नाही, आणि निवडणुकीच्या दिवसांत झेंडे लावून धावणाऱ्या गाड्यांत ती सर्वच पक्षांच्या अंगी दिसते. बॅ. नाथ पै यांच्या जन्मगावी तरी आमच्या झेंड्याच्या गाडीने साकवाच्या अलीकडे थांबावे आणि समोरच्याला आधी जाऊ द्यावे. समतेवरील भाषण त्यानंतर करावे.