शिकाऊ आहारतज्ज्ञांना तक्त्याबरोबर एकटे सोडू नका

मोठ्या रुग्णालयात जाऊन आलेल्या आपल्या माणसांच्या पिशवीत हल्ली डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक कागद असतो. तो आहाराचा तक्ता. हा तक्ता समजावून देणारी मुलगी पुष्कळदा शिकाऊ असते. आहारशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करताना काही महिने रुग्णालयात प्रात्यक्षिक करावे लागते, ते ती करीत असते. या मुलींविषयी आमची तक्रार नाही. बहुतेक जणी मन लावून काम करतात, आणि बोलायला डॉक्टरांपेक्षा त्यांना जास्त वेळ असतो. तक्रार आहे ती त्यांना शिकविण्याच्या रीतीविषयी. छापील तक्त्यांचा गठ्ठा हातात देऊन मुलीला रोग्यापुढे एकटीला बसवायचे, याला आम्ही प्रशिक्षण म्हणत नाही.

तक्त्यात काय असते ते पाहा. सकाळी ओट्स, दुपारी दोन पोळ्या, संध्याकाळी सफरचंद. अणशीच्या आसपासच्या आम्हा शेतकऱ्यांचे रोजचे अन्न म्हणजे उकड्या तांदळाची पेज आणि भात, कधी नाचणीची आंबील, हंगामात कोन, मुडली, कणगी, सुरण, आणि पावसाळ्यात सुकी मासळी. यातले तक्त्यात काहीच नसते. मग घरी आल्यावर दोनपैकी एक होते. कागद खुंटीला अडकवून माणूस पूर्वीसारखाच जेवतो, नाही तर घाबरून जेवणच तोडतो.

दुसरी गोष्ट अधिक वाईट. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतात. अशी गोळी घेणाऱ्या शेतकऱ्याला “भात बंद” एवढेच सांगितले, आणि तो बिचारा कोऱ्या चहावर शेतात चिखलणीला उतरला, तर साखर एकदम उतरून बांधावरच घेरी यायची. भात कमी करायला सांगण्यापूर्वी गोळी कोणती, ती केव्हा घेता, आणि दिवसभर काम काय करता, हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत. ते सुचायला मुलीच्या शेजारी अनुभवी माणूस बसलेले हवे. हा आजार आता शहराचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आणि आपल्या शेजारच्या गोव्यात हे प्रमाण प्रौढांमध्ये २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त, आढळले.

मूत्रपिंडाच्या रोग्याचेही तसेच. रक्तातले पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके चुकतात, म्हणून अशा रोग्याच्या तक्त्यात “बटाटा टाळा” असे लिहितात. आमचा माणूस बटाटा प्रामाणिकपणे सोडतो आणि त्याच्या जागी ताटभर कोन खातो, कारण कोनाविषयी कोणी काही बोललेच नाही! कंदांतही पोटॅशियम असते. ते बारीक चिरून, भरपूर पाण्यात भिजवून, पुन्हा वेगळ्या पाण्यात उकडून ते पाणी टाकून दिले तर बरेचसे निघून जाते; मग किती खायचे ते आहारतज्ज्ञाने ठरवावे. हे ज्ञान पुस्तकात आहे. परंतु रोगी कंद खातो हेच मुलीला ठाऊक नसेल, तर पुस्तक काय करणार? जोयड्याला कंदमुळांचा मेळा भरू लागल्यापासून शहरातली माणसे आपले कंद कौतुकाने विकत नेतात. रुग्णालयाच्या तक्त्यात मात्र त्यांना अजून जागा मिळालेली नाही.

तेव्हा मार्गदर्शक आहारतज्ज्ञांकडून आमची अपेक्षा काय? पहिले काही दिवस मुलीने नुसते शेजारी बसून ऐकावे. पुढे तिने विचारावे आणि मार्गदर्शिकेने ऐकावे. काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तोंडात काय काय गेले, हे विचारणे दिसते सोपे, पण ती एक कलाच आहे. “जेवण काय?” म्हटले की आमची मावशी “भात-आमटी” म्हणून मोकळी होते, शेतावर नेलेली पेज, तिच्याबरोबरची खारातली कैरी आणि चार वेळचा गोड चहा ती जेवणात धरतच नाही. हे खोदून काढायला लाजू नये आणि ऐकून हसू नये, हे मुलीने कोणाला तरी करताना पाहिले पाहिजे. मग तिने तक्ता स्वतः लिहावा, मार्गदर्शिकेने तपासून सही करावी, आणि चूक असेल ती रोग्यासमोर नव्हे, बाजूला घेऊन सांगावी. रोग्यासमोर एकदा पाणउतारा झालेली मुलगी पुढे प्रश्न विचारायचेच सोडते. दिवस संपताना आजच्या दोन-तीन रोग्यांविषयी पाव तास बोलणे व्हावे. एवढा वेळ कोणाला आहे, असे विचारले जाईल. वेळ नसेल तर मुली कमी घ्याव्यात. स्वयंपाकघरात ताटे मोजणे, नळीने द्यायचे अन्न मापून तयार करणे, हेही शिक्षणच आहे. पण सहा महिने ताटेच मोजून घेतली तर ती फुकटची मोलकरीण झाली.

सोबत राहून शिकविणे म्हणजे काय, याचा दाखला आपल्याच भाषेच्या मुलखात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केले. तेथे ज्यांना आरोग्यसेविका केले त्यांतल्या कित्येक बायकांना लिहिता-वाचताही येत नव्हते. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, गावात काय घडले ते सांगत, नवे शिकत आणि परत जात. केंद्रातली माणसेही त्यांच्या गावी जाऊन काम पाहत. कुपोषित मुलांना घरातल्याच धान्य-कडधान्याचे काय द्यावे, हे त्या बायका शेजारणींना पटवू शकल्या ते या सततच्या पाठबळामुळे. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निरक्षर बाईला एवढी सोबत मिळाली, मग पदवी घेऊ पाहणाऱ्या मुलीला का मिळू नये?

आमची सूचना अशी की पणजी, बेळगाव, हुबळी या बाजूंच्या महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकातला एखादा आठवडा खेड्यात, मार्गदर्शिकेसह, ठेवावा. राहण्याजेवण्याची सोय धर्मग्रामाने करावी. फादरांनी व सिस्टरांनी मनावर घेतले तर हे अवघड नाही. आपल्याही मुली आता हा अभ्यासक्रम घेतील. त्यांना तर हे परके वाटणारच नाही.

मुलींना आमच्याकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे उपवासकाळ. ख्रिस्ती रोग्याला राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी काय करणार, हे विचारायला त्यांना कोणी शिकवीत नाही. ख्रिस्तसभेचा नियम उपवास वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंतच सांगतो, आणि आजाऱ्याला त्यातून मोकळीक आहे. तरी आपल्या कित्येक आज्या सत्तरीत, साखरेची गोळी घेऊन, दिवसभर उपाशी राहतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. विचारले तर सांगतील.

आणि आपणही खरे सांगावे, बंधुभगिनींनो. वहीपेन घेतलेली मुलगी दारात आली की आपण तिला पाहुणी समजून कोंबडी कापतो आणि “रोज असेच जेवतो” म्हणतो. तिला चूल दाखवा, सुक्या बांगड्यांचा डबा दाखवा, गोळ्यांची पिशवी उपडी करून दाखवा. रक्तदाबाच्या माणसाच्या पोटात मीठ कुठून जाते हे तिला त्या डब्यावरूनच कळेल. शक्य तर तिने दोनदा यावे. एकदा कंद खणतात तेव्हा, नाताळाच्या सुमारास. एकदा भर पावसात, भाजीला रानातला पाला आणि तोंडी लावायला सुके एवढेच घरात असते तेव्हा. अर्थात घाटात दरड कोसळून रस्ता बंद झालेला नसेल तर.