फी मोजण्याआधी ऑपरेशने मोजा

दुसऱ्या पीयूसीचा निकाल लागून गेलेला असतो, वळवाच्या पावसाने जमीन भिजलेली असते, आणि भाताच्या पेरणीला हात घालण्याच्या ऐन दिवसांत आमच्या खानापूर-बेळगाव भागातील आईबाप मुलाचे गुणपत्रक घेऊन सल्ला विचारायला येतात. पूर्वी प्रश्न एकच असे : नर्सिंगला घालावे की डी.एड.ला? अलीकडे तिसरे नाव ऐकू येते, 'ओटी टेक्निशियन'. कोणीतरी छापील पत्रक हातात दिलेले असते, त्यावर हिरवा झगा घातलेल्या मुलाचे चित्र असते आणि खाली नोकरीची हमी. ह्या शिक्षणाविषयी आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. काम चांगले आहे, आमच्या शेतकरी घरांतील मुलामुलींना जमण्याजोगे आहे. परंतु जेथे ऑपरेशने होत नाहीत तेथे ते शिकता येत नाही, आणि तशा जागी फी भरण्यासाठी शेत गहाण टाकणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

आधी हे काम काय आहे ते पाहू. ऑपरेशन म्हटले की आपल्यापुढे सर्जन उभा राहतो. पण रुग्णाला आत नेण्याच्या कितीतरी आधी थिएटरात कोणीतरी आलेले असते. ऑक्सिजनची नळकांडी भरलेली आहेत की नाहीत (काळे अंग व पांढरा खांदा तो ऑक्सिजन, निळे ते नायट्रस ऑक्साइड), भुलीचे यंत्र नीट चालते की नाही, रक्त ओढून घेणारे सक्शन ओढते की नुसता आवाज करते, हे सारे त्याने पाहिलेले असते. मग रुग्णाला टेबलावर नीट निजवणे, हाताखाली मऊ घडी देणे, विजेच्या चाकूची पट्टी अंगाला सपाट चिकटली आहे ना हे तपासणे. ही पट्टी अर्धवट चिकटली तर ऑपरेशन पोटाचे आणि भाजले मांडीला, असा प्रकार होतो. पुढे सर्जनाच्या हातात योग्य वेळी योग्य हत्यार देणे, काढलेल्या गाठीची बाटली रुग्णाच्या नावानिशी तपासणीला पाठवणे, आणि सर्व संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून तयारी.

ह्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्हांला विचाराल तर ती म्हणजे हत्यारे निर्जंतुक करणे. आमच्या भगिनींना हे चटकन समजेल, कारण ऑटोक्लेव्ह म्हणजे थोरला प्रेशर कुकरच. घरच्या कुकरात जो दाब असतो, चौरस इंचाला सुमारे १५ पौंड, तोच येथे लागतो. त्या दाबाला वाफ १२१ अंश सेल्सियसपर्यंत चढते आणि ती साधारण १५ ते २० मिनिटे टिकवावी लागते. नुसते उकळत्या पाण्यात १०० अंशांवर ठेवून धनुर्वातासारख्या जंतूंची बीजे मरत नाहीत. मात्र खरी अडचण पुढेच आहे. आतली हवा पूर्ण बाहेर गेली नाही, तर काटा दाब दाखवतो पण उष्णता तेवढी चढत नाही. ड्रम गच्च भरला तर मधल्या कपड्यापर्यंत वाफ पोचत नाही. कपडा ओला राहिला तर बाहेरचे जंतू त्या ओलीतून आत शिरतात. ड्रमवर लावलेल्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटतात, त्या एवढेच सांगतात की ड्रमाला उष्णता लागली. आतले जंतू मेले, असे त्या सांगत नाहीत. त्यासाठी जंतुबीजांची वेगळी चाचणी असते. हे सारे ज्याला ठाऊक आहे तो तंत्रज्ञ. ज्याला फक्त बटण ठाऊक आहे त्याच्या हातचा ड्रम जखमेवर उघडला, तर आठवड्याने टाके पिकतात, आणि दोष मात्र रुग्णाच्या साखरेला दिला जातो.

दुसरी गोष्ट मोजणीची. पोट शिवण्याआधी गॉजच्या घड्या, सुया व हत्यारे मोजली जातात. सुरुवातीला जेवढी, तेवढीच शेवटी भरली पाहिजेत. एक घडी कमी भरली तर सर्जन कितीही मोठा असो, त्याला थांबवण्याचा अधिकार आणि धीर मोजणाऱ्याजवळ हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी तपासणीची एक यादी काढली. रुग्णाचे नाव, ऑपरेशनची जागा, प्रतिजैविक दिले का, मोजणी जुळली का, हे सर्वांनी मोठ्याने बोलून घ्यावयाचे. जगातील ८ शहरांतील ८ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यांत आपली दिल्लीही होती. २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाला : मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ होते ते ०.८ वर आले आणि गुंतागुंत शेकडा ११ वरून ७ वर. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही, फक्त शिस्त.

जाता जाता एक गंमत. ऑपरेशनचे रबरी हातमोजे रुग्णासाठी निघाले असे पुष्कळांना वाटते. १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. विल्यम हॉलस्टेड ह्यांना हत्यारे देणाऱ्या कॅरोलीन हॅम्प्टन ह्या परिचारिकेचे हात पाऱ्याच्या जंतुनाशकाने फुटू लागले. डॉक्टरांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. ते वापरल्याने रुग्णांच्या जखमाही कमी पिकतात, हे मागाहून कळले. (दोघांचे पुढे लग्नही झाले.)

त्याच अमेरिकेत आज हे काम शिकण्याची पद्धत आमच्या पालकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. तेथे ह्या तंत्रज्ञास 'सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट' म्हणतात. त्यांची संघटना १९६९ साली स्थापन झाली. त्यांतील पुष्कळजण कम्युनिटी कॉलेजात शिकतात, म्हणजे त्या त्या भागातील लोकांसाठी चालवलेल्या, कमी फीच्या महाविद्यालयात. असे पहिले सरकारी महाविद्यालय इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली निघाले. मूल घरी राहून, कधी अर्धवेळ नोकरी करूनही शिकते. एक ते दोन वर्षांचा अभ्यासक्रम : आधी शरीररचना आणि जंतुशास्त्र, मग महाविद्यालयातच उभारलेल्या नकली थिएटरात हात धुण्यापासूनची उजळणी, आणि त्यानंतर खऱ्या रुग्णालयात. तेथील अभ्यासक्रमाने १२० ऑपरेशनांचा आकडा ठरवला आहे. विद्यार्थ्याने एवढ्या ऑपरेशनांत हात धुऊन उभे राहिले पाहिजे, आणि त्यांतील बरीचशी मुख्य साहाय्यक म्हणून. किती महिने शिकलास असे विचारून तेथे भागत नाही, किती वेळा उभा राहिलास असे विचारतात. हा मुद्दा आम्हांला फार मोलाचा वाटतो.

कम्युनिटी कॉलेजची कल्पना आपल्या देशाला परकी नाही. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली असे महाविद्यालय काढले, आणि १९९६ साली मद्रास-मैलापूरच्या महाधर्मप्रांताने मद्रास कम्युनिटी कॉलेज सुरू केले. येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स ह्यांनी ह्या चळवळीला वाहून घेतले. २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगानेही योजना आखली. गरिबाच्या, शाळा सोडलेल्या मुलाला हाताला काम देणारे शिक्षण म्हणून तिचे आम्हांला कौतुक आहे. पण काही महिन्यांचा 'आरोग्य साहाय्यक' हा दाखला घेऊन कोणी ऑपरेशन थिएटरचा तंत्रज्ञ होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

हे आमचे पदरचे म्हणणे नव्हे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आहे, आणि अशा तंत्रज्ञाचे शिक्षण किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांत पसरलेले असावे असे म्हटले आहे. आता पत्रकावरील 'सहा महिन्यांत ओटी टेक्निशियन' ह्याचा हिशोब करा. सहा महिन्यांत सुट्या वजा जाता धरा १५० दिवस. रोज ८ तास एकही मिनिट न चुकता शिकवले तरी १,२०० तास होतात. उरलेले ८०० तास कोठून आणणार? राज्याराज्यांनी ह्या कायद्याची अंमलबजावणी इतकी रेंगाळत ठेवली की २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती दोन महिन्यांत करा असे बजावावे लागले. ह्या रेंगाळण्यातच दुकाने फोफावली.

असे एक दुकान आमच्या पाहण्यात आले आहे. दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक जुने टेबल, एक दिवा, प्लॅस्टिकचा एक मानवी पुतळा आणि काचेच्या कपाटात डझनभर चिमटे. दोन वर्षांत मुलांनी रुग्णालय पाहिले ते सहलीला गेल्यासारखे, पंधरा दिवस. आमच्या धर्मग्रामातील एका घराने त्यासाठी काजूची बाग सावकाराकडे ठेवली. मुलगा आज एका लहान दवाखान्यात हरकाम्या आहे. आपण शिकलोच नाही हे त्याला पहिल्याच ऑपरेशनाला कळले, आणि त्याने ते डॉक्टरांना सांगितले. हा त्याचा प्रामाणिकपणा. न सांगता उभे राहणारेही आहेत, आणि त्यांच्यापुढच्या टेबलावर आपलेच कोणीतरी निजलेले असते.

तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी स्वतः जाऊन विचारावे. मोठ्या इमारतीने दिपून जाऊ नये. आमच्या कर्नाटकात पदविकेसाठी राज्याचे पॅरामेडिकल बोर्ड आणि पदवीसाठी राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ अशी आजवरची व्यवस्था आहे. नव्या कायद्याने तीत बदल होत आहेत, म्हणून चालू वर्षाच्या मान्यतेचे पत्र तारखेसह पाहावे, गेल्या वर्षीचे नव्हे. पदविका पीयूसी विज्ञान शाखेनंतर दोन वर्षांची असते. पदवी तीन वर्षांची आणि वर एक वर्ष रुग्णालयात. मग विचारावे : रुग्णालय कोणते? रोज किती ऑपरेशने? विद्यार्थी किती? समजा, रोज ४ ऑपरेशने होतात आणि महिन्यातून २५ दिवस थिएटर चालते, म्हणजे १०० झाली. विद्यार्थी ४०. एका ऑपरेशनाला एकच विद्यार्थी उभा राहणार असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला अडीच. १२० चा आकडा गाठायला चार वर्षे लागतील. दर बिघ्याला बियाणे किती हे ज्याला तोंडपाठ आहे त्या शेतकऱ्याला हे गणित अवघड नाही. बँकेने शैक्षणिक कर्ज नाकारले तर रागावून सावकाराकडे जाण्याआधी तिने का नाकारले ते समजून घ्यावे. पुष्कळदा मान्यतेचाच घोळ असतो.

काही पालक नाक मुरडतात. बारा वर्षे शिकून मुलाने सुऱ्या-कात्र्या धुवायच्या का, असे म्हणतात. दुधाची किटली नीट धुतली नाही म्हणून डेअरीतून दूध परत आले की त्याच घरात काय बोलणे होते ते आम्ही ऐकले आहे. धुणे हे हलके काम नव्हे. आणखी एक समज असा की हे काम मुलांचे आणि नर्सिंग मुलींचे. आम्हांला ह्याला काहीच आधार दिसत नाही. रात्रपाळी दोन्हीकडे आहे, ताटकळणे दोन्हीकडे आहे. उलट चार-चार तास स्थिर उभे राहून भाताची रोपे लावणाऱ्या... नव्हे, वाकून लावणाऱ्या आमच्या मुली ह्या कामाला कोणाहून कमी पडतील असे वाटत नाही. नर्सिंगची जागा मात्र ह्याने भरून निघत नाही. परिचारिकेला वॉर्ड, दवाखाना, गाव, परदेश असे अनेक दरवाजे उघडे असतात; थिएटरच्या तंत्रज्ञाला थिएटरच. ज्या मुलाला माणसांशी बोलण्याची हौस आहे त्याला नर्सिंगच बरे. ज्याला यंत्राची, नेटकेपणाची आवड आहे, रक्त पाहून भोवळ येत नाही, त्याने इकडे यावे.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. आमची मुले मराठी शाळांतून येतात, पुस्तके इंग्रजीत असतात आणि टेबलावरचा रुग्ण कन्नड बोलतो. पहिले सहा महिने मुले गांगरतात, काही सोडूनही देतात. निकाल व प्रवेश ह्यांच्या मधल्या दोन महिन्यांत मुलाने नुसते बसून राहू नये. शरीराच्या भागांची इंग्रजी नावे आणि रुग्णाशी बोलण्यापुरते कन्नड एवढे तरी शिकावे. निवृत्त शिक्षकांनी व आमच्या धर्मभगिनींनी संध्याकाळचा एक तास दिला तर हे सहज होईल, शाळेची खोली आम्ही उघडून देऊ.

आणि एक आरोग्याची गोष्ट, जी बहुतेक संस्था फी घेताना सांगत नाहीत. थिएटरात सुई टोचणे हे ठरलेलेच. त्यातून रक्तावाटे कावीळ बी होऊ शकते, आणि तिच्यावर चांगली लस आहे. तिचे तीन डोस असतात : पहिला, त्यानंतर एका महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली की नाही ते पाहता येते. सुई टोचलीच तर बोट दाबून रक्त काढू नये, तोंडात तर मुळीच घालू नये. साबण व वाहत्या पाण्याने धुवावे आणि लगेच वरिष्ठांना सांगावे. एचआयव्हीच्या शंकेवर २८ दिवसांची गोळ्यांची मात्रा असते, ती शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते. घाबरून लपवून ठेवले तर तो वेळ निघून जातो. लशीचा पहिला डोस जूनमध्ये घेतला तर तिसरा डिसेंबरात येतो. म्हणून प्रवेशाचा अर्ज भराल त्याच आठवड्यात मुलाला जवळच्या दवाखान्यात घेऊन जा.