जुनी गाणी आजही हिट, मग 'डीप पर्पल'नं नवा अल्बम का काढला?

गिटार शिकायला घेतलेली बहुतेक मुलं सुरुवातीलाच एक धून वाजवून बघतात, 'स्मोक ऑन द वॉटर'ची. ती धून ज्यांची, त्या ब्रिटिश हार्ड रॉक बँड 'डीप पर्पल'नं १९ जुलै २०२४ रोजी नवा स्टुडिओ अल्बम आणला. नाव '=१', वाचायचं 'इक्वल्स वन'. गायक इयन गिलन तेव्हा ७८ वर्षांचे होते. मग या वयात हा खटाटोप कशासाठी?

जुनी पुण्याई किती मोठी?

डिसेंबर १९७१ मध्ये बँड स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रो शहरात होता. ज्या कसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं, तिथेच फ्रँक झापा यांचा कार्यक्रम सुरू असताना कुणीतरी फ्लेअर गन झाडली. कसिनो जळून खाक झाला. शेवटी हिवाळ्यात रिकाम्या असलेल्या एका हॉटेलात रेकॉर्डिंग उरकावं लागलं. तळ्यावर पसरलेल्या त्या धुरावरूनच हे प्रसिद्ध गाणं सुचलं. १९७२ मध्ये 'मशीन हेड' हा अल्बम आला आणि बँडची ओळखच बनला.

मार्च २०२४ मध्ये याच अल्बमची खास आवृत्ती निघाली. तिचं नवं मिक्सिंग ड्वीझिल झापा यांनी केलं. ते फ्रँक झापा यांचे चिरंजीव!

मग नव्याची गरज काय?

हिशेब पैशाचा असता, तर जुनी गाणी वाजवत फिरणं पुरेसं होतं. स्ट्रीमिंगवर एकदा गाणं ऐकलं गेलं की हाती येणारी रक्कम अगदी किरकोळ असते. तिकीट काढून येणाऱ्यांनाही बहुधा जुनंच ऐकायचं असतं.

पण बँड आता तो राहिलेला नाही. गिटारवादक रिची ब्लॅकमोर १९९३ मध्ये बाहेर पडले. कीबोर्डवादक जॉन लॉर्ड २०१२ मध्ये गेले. पत्नीच्या आजारपणामुळे स्टीव्ह मोर्स यांनी २०२२ मध्ये बँड सोडला. त्यांच्या जागी आलेले सायमन मॅकब्राइड जन्मले १९७९ मध्ये, म्हणजे 'मशीन हेड'नंतर सात वर्षांनी. स्थापनेपासून आजवर टिकून आहेत ते फक्त ड्रमर इयन पेस.

खरी मेख इथेच आहे. फक्त जुनं वाजवत राहिलं, तर मॅकब्राइड रोज रात्री दुसऱ्याचीच धून वाजवणार आणि बँड स्वतःचीच नक्कल होऊन बसणार. '=१' हा मॅकब्राइड यांचा बँडसोबतचा पहिला स्टुडिओ अल्बम आहे. इथली धून त्यांची स्वतःची आहे, तिची तुलना ब्लॅकमोर यांच्याशी करायची गरज नाही.

हा अल्बम 'मशीन हेड'ची जागा घेणार का? शक्यता कमीच. पण त्यामुळे डीप पर्पल हे नुसतं जुन्या आठवणींचं दुकान न राहता, आजही काम करणारा बँड ठरतो.