पोटलं मागे, हवा कमी

मागच्या आठवड्यात उधन्याला एका पंक्चरच्या दुकानात बसलो होतो. एक पोरगा अ‍ॅक्टिव्हा घेऊन आला. सुरतेत हिला मोपेडच म्हणतात. गाडीवर साड्यांची तीन पोटली होती, एक पायाशी, दोन मागे. डिंडोलीकडच्या घरांतून लेस आणि खडे लावून झालेला माल तो रिंग रोडच्या मार्केटला परत नेत होता. दुकानदाराने मागच्या टायरवरून हात फिरवला आणि आपल्या खानदेशी बोलीत निकाल दिला, "भाऊ, टायर गोटा व्हयी गया." पोराचा चेहरा उतरला. टायर टाकून आठ महिनेही झाले नव्हते. "ही कंपनीच बोगस आहे, परत घ्यायची नाही," असं तो म्हणाला.

मी खाली वाकून पाहिलं. टायरच्या दोन्ही कडा साफ घासल्या होत्या, मधली नक्षी मात्र अजून बोटाला लागत होती. हवा मोजली तर १७ भरली. या गाडीच्या मागच्या चाकाला एकट्याने चालवताना २९ आणि मागे माणूस असेल तर ३६ पीएसआय हवा लागते. तीन पोटल्यांसह तो १७ वर फिरत होता. त्या कंपनीचा यात काहीच दोष नव्हता.

टायर कुठे घासला यावरून तो का घासला हे कळतं. कडा गेल्या तर हवा कमी किंवा ओझं जास्त. मधोमध चपटा पट्टा पडला तर हवा जास्त. पण बहुतेक अंतर सरळ रस्त्यावर कापणाऱ्या गाडीचाही मधलाच भाग आधी जातो, ते स्वाभाविक आहे. एकाच बाजूने गेला तर चाक वाकडं बसलंय. आणि एखादाच डाग खोल घासला असेल तर मागचा ब्रेक करकचून दाबत चाक फरफटवण्याची सवय आहे. टायर बदलण्याआधी जुना टायर दोन मिनिटं नीट बघा. नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

आता त्या पोराच्या गाडीचा हिशेब मांडू. मागच्या टायरच्या बगलेवर ९०/१००-१० ५३जे असं लिहिलेलं असतं. त्यातला ५३ हा भाराचा आकडा. त्याचा अर्थ, पुरी हवा असताना हा टायर जास्तीत जास्त २०६ किलो पेलेल. इंजिन मागे असल्याने गाडीचे सुमारे ६५ किलो मागच्या चाकावर येतात. चालवणाऱ्याचे ४० धरा. सिंथेटिक साडी साडेचारशे ग्रॅमची धरली तर शंभर साड्यांचं पोटलं ४५ किलोचं, म्हणजे मागची दोन मिळून ९० किलो. झाले १९५. पायाशी ठेवलेल्या पोटल्याचा निम्मा भार मिळवला की २१७. म्हणजे हवा पुरी असती तरी मर्यादा ओलांडलेलीच होती. इथे तर हवाही निम्मी!

हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि परत फुलतो. तार सारखी वाकवली की जशी गरम होते, तसं रबर आतून तापतं. तापलेलं रबर मऊ पडतं आणि रस्त्यावर घासून सुटत जातं. दहा इंची चाकाचं दुखणं तर आणखी मोठं. हे छोटं चाक एका किलोमीटरला सातशे तीसच्या वर फेरे घेतं. अठरा इंची चाकाची साधी मोटारसायकल तेवढ्याच अंतरात सव्वापाचशेच्याही आत राहते. म्हणून दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच ओझ्याने चालवल्या तरी मोपेडचा टायर आधी जातो. रोज माल वाहायचाच असेल तर अठरा इंची चाकाची गाडी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पायाशी पोटलं ठेवायची सोय तिच्यात नाही हे खरं. पण त्याच सोयीमुळे तर तिसरं पोटलं गाडीवर चढतं.

सुरतेचा रस्ताही टायर खातो. सिमेंटचा रस्ता डांबरी रस्त्यापेक्षा जास्त खरवडतो. मेट्रोचं काम २०२१ पासून सुरू आहे, त्यामुळे जागोजागी खडी, कच आणि उखडलेले पट्टे. मे महिन्याचं ऊन तर आहेच. पण रस्ता आणि ऊन आपल्या हातात नाही. हवा, चेन आणि ब्रेक आहेत.

मोटारसायकलच्या चेनचं थोडं विस्ताराने सांगतो, कारण मेकॅनिककडे सगळ्यात घाईत उरकलं जाणारं काम हेच. चेन ताणताना मागचा अ‍ॅक्सल सरकवावा लागतो. चिमट्यावर दोन्ही बाजूंना बारीक रेघा असतात आणि अ‍ॅक्सलची खूण दोन्हीकडे सारख्याच रेघेवर यायला हवी. घाईत एक बाजू अर्धी रेघ पुढे राहते आणि चाक तिरकं बसतं. मग गाडी चालते सरळ, टायर मात्र पावलोपावली थोडा आडवा घासला जातो. माझ्या स्वतःच्या गाडीचा मागचा टायर असाच चौदा हजार किलोमीटरमध्ये एका बाजूने गेला, ज्याने तीस हजारांच्या जवळ जायला हवं होतं. तेव्हापासून चेन ताणून झाली की मी आधी त्या रेघा बघतो, मगच पैसे देतो. सर्व्हिसिंगमध्ये गाडी चमकवायला डिझेलचा फवारा मारतात, तोही टायरवर पडू देऊ नका. तेलाने रबर खराब होतं.

आता टिकाऊ टायर कोणता, या प्रश्नाकडे येतो. दर आठवड्याला दोघं-तिघं तरी हे विचारतातच. एमआरएफ, सीएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, जेके या सगळ्यांकडे साध्या गाड्यांसाठी कडक रबराचे, जास्त चालणारे टायर आहेत. सीएटने तर आपल्या एका मालिकेचं नावच मायलेझ ठेवलं आहे. पण कडक रबर जास्त चालतं ते रस्त्याला कमी चिकटतं म्हणूनच. भरपूर किलोमीटर आणि भरपूर पकड दोन्ही एकाच टायरात, एकाच किमतीत मिळत नाहीत. त्यातल्या त्यात मी ओल्यात बरी पकड देणाऱ्या टायरकडे झुकतो, चार हजार किलोमीटर कमी मिळाले तरी चालतील. जूनच्या पहिल्या पावसात उड्डाणपुलाच्या उतारावर, लोखंडी सांध्यावरून गाडी सरकते तेव्हा वाचवलेले पाचशे रुपये कामाला येत नाहीत.

दुकानात नावापेक्षा बगल वाचा. आयएसआयची खूण हवीच. कंपनीने दिलाय त्याच मापाचा घ्या; भाराचा आकडा तेवढाच किंवा वरचा चालेल, खालचा नाही. रुबाबासाठी जाड टायर चढवू नका. अरुंद रिमवर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि तोच आधी जातो. मग चार आकडी तारीख बघा: २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं पडून असलेला किंवा दुकानाबाहेर उन्हात टांगलेला टायर स्वस्त मिळाला तरी नको. आणि रिसोल केलेला, खाचा पाडून नवा दिसणारा टायर दुचाकीला कधीच नको. ट्रकच्या मागच्या धुऱ्याला जोडचाकं असतात, एक गेलं तर दुसरं सांभाळतं. आपल्याला तशी सोय नाही.

२०२५च्या फेब्रुवारीत सुरत पोलिसांनी हेल्मेटची सक्ती कडक केली. ते योग्यच झालं. पण हेल्मेट घातलेला माणूस गोट्या टायरवर फिरतो तेव्हा त्याला कुणी अडवत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम दुचाकीच्या टायरला कमीत कमी ०.८ मिलिमीटर खोल नक्षी मागतात. एटीएम कार्ड जवळपास तेवढंच जाड असतं. खाचेची खोली कार्डाच्या जाडीएवढीही उरली नाही, की टायर संपला.

माझं मुख्य मागणं मात्र मार्केटवाल्यांकडे आहे. पोरांना पोटल्यामागे पैसे मिळतात, पेट्रोल त्यांचं, टायरही त्यांचाच. मग ते एका फेरीत जास्तीत जास्त पोटली लादणार, यात त्यांना काय बोल लावायचा? रिंग रोडवरच्या प्रत्येक टेक्स्टाईल मार्केटच्या पार्किंगमध्ये हवेचं एक यंत्र आणि चालू स्थितीतला गेज ठेवणं त्यांना मुळीच जड नाही. माल भरण्याआधी हवा भरा, दोनच्या वर पोटली चढवू नका, एवढं माल देणाऱ्याने सांगितलं तर पोरं ऐकतील. मार्केटवाल्यांचाच माल त्या टायरवर आहे.

लग्नसराई आली की बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत बायको-मुलांसह मोटारसायकलवर धुळे-नंदुरबारला निघणारी कितीतरी घरं माझ्या ओळखीत आहेत. त्यांनी निघण्याआधी, टायर गार असताना, सकाळी हवा मोजून घ्यावी. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ आणि मागे माणूस असेल तर चाळीसच्या आसपास लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. वाटेत टायर तापल्यावर दोन-तीन आकडे जास्त दिसले तरी हवा सोडू नका. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, फक्त मागावी लागते.