हजेरीपटावरील तुटक दिवस

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर शहापूर लागते. गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ज्ञानगंगा दारी आली, असे कोणीही म्हणेल. परंतु संपूर्ण पूर्व विदर्भाप्रमाणे या परिसरातही ती गंगा काही मुलांच्या उंबरठ्यावरून वारंवार परत फिरते. त्याचे कारण सिकलसेल.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य ठणकू लागतात. थंडी, ताप, शरीरातील पाणी कमी होणे, एवढेही निमित्त पुरते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. नागपूर भागातील सिकलसेलची नोंद १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले; त्याचे उद्दिष्ट २०४७ सालचे आहे. रक्ताची तपासणी होते, औषध मिळते, एसटी या रुग्णांना दवाखान्यापर्यंत विनामूल्य नेते. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण ज्या दिवशी मूल दवाखान्यात असते, त्या दिवशीच्या धड्याचे काय, हा प्रश्न कोणत्याच खात्याच्या कक्षेत येत नाही.

पाय मोडलेला मुलगा दोन महिने सलग घरी असतो. गुरुजी विचारपूस करतात, मित्र वह्या आणून देतात. सिकलसेलग्रस्त मुलाची अनुपस्थिती तुटक असते. सोमवारी गैरहजर, गुरुवारी हजर, पौषाच्या थंडीत आठवडाभर रुग्णालयात, पुन्हा चार दिवस वर्गात. अपूर्णांकांचा छेद समान करणे शिकवले तेव्हा तो सलाईनवर होता. बेरीज शिकवली तेव्हा वर्गात होता, पण छेदच ठाऊक नसल्याने तीही कळली नाही. गुरुजींच्या लेखी तो ‘अनियमित’ ठरतो. मुलीच्या लग्नात अडचण येईल या भयाने अनेक घरे आजार झाकून ठेवतात, त्यामुळे गुरुजींनाही सर्वस्वी दोष देता येत नाही.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन घरी राहून शिकण्याचा अधिकार मान्य झाला. तो बहुविकलांग आणि तीव्र, म्हणजे ८० टक्के वा अधिक, दिव्यांगत्व असलेल्या बालकांपुरता. सिकलसेलचा समावेश दिव्यांग हक्क कायद्यात २०१६ साली झाला. पण महिन्यातील वीस दिवस हसतखेळत शाळेत येणारे मूल ८० टक्क्यांच्या चौकटीत सहसा बसत नाही. इंग्लंडमध्ये आजारामुळे पंधरा किंवा अधिक दिवस शाळा बुडणार असेल, तर पर्यायी शिक्षणाची सोय स्थानिक प्रशासनाने करावी, असा दंडक आहे, आणि हे दिवस सलग असोत वा तुटक, त्यांची बेरीजच धरली जाते. परकीयांचे सगळेच अनुकरणीय नसते. ही बेरीज मात्र अवश्य घ्यावी अशी आहे.

शहरांत हल्ली ‘होम स्कूलिंग’चा बोलबाला आहे. सुशिक्षित पालक ते हौसेने निवडतात. धानाच्या बांधीत रोजंदारीला जाणाऱ्या आईपुढे असा निवडीचा प्रश्नच नसतो. रुग्णालयात खाटेशेजारी बसून पोराला काय शिकवावे, हे तिला कोणीतरी सांगावे लागते. मात्र ते अशक्य नाही. २०२० साली करोनाने शाळांना कुलपे लावली, तेव्हा ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत याच राज्यातील शिक्षक देवळाच्या ओट्यावर, पाराखाली, भ्रमणध्वनीवरून शिकवत होते. लाखो मुलांसाठी जे जमले, ते एका शाळेतील दोन मुलांसाठी न जमण्यासारखे काय आहे? बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत. गावोगावी निवृत्त शिक्षक आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा तास दिला, तरी तुटलेले धागे जुळतात. प्रसंगी दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहेच. पण तो नाइलाजाचा मार्ग. पोर पाचवी-सहावीतच गळाले, तर तिथवर पोहोचणार कसे?

आजारी लेकराला कशाला अभ्यासाचे ओझे, असे काही सहृदय मंडळी म्हणतील. वेदनेच्या ऐन भरात पुस्तक पुढे करू नये, हे खरेच. पण कळ ओसरल्यावर रुग्णालयातील दिवस फार लांब असतो. तेव्हा वर्गमित्राने पाठविलेला गृहपाठ म्हणजे आपली जागा अजून राखलेली आहे, याची खूण असते.

शाळेतही थोडे बदलावे लागेल. या मुलांना वरचेवर पाणी प्यावे लागते, म्हणून वरचेवर लघवीलाही जावे लागते. त्यासाठी त्यांना तासाला अडवू नये. थंडीत उघड्या फरशीवर बसवू नये. यास शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि कळांचे दिवस थंडीबरोबर येतात. मधल्या चार-पाच महिन्यांत आरोग्य केंद्राकडील नोंद आणि हजेरीपट, पालकांच्या संमतीने आणि गुप्तता राखून, शेजारी ठेवून पाहता येतील. कोणाचे पंधरा दिवस भरत आले आहेत, हे मुख्याध्यापकांना दिवाळीपूर्वीच कळेल.