गच्चीवरली छत्री

टेमघरच्या आमच्या इमारतीतल्या एका कॉलेजकुमाराने गच्चीवर टीव्हीची जुनी छत्री बसवायला घेतली आणि सोसायटीच्या सभेत गहजब झाला. मीही विरोधकांतच होतो. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला परवानगीशिवाय खिळाही ठोकवत नाही.

पण परवा तो मला वर घेऊन गेला. कतारचा एस्‌हेल-२ हा उपग्रह 2018 साली सुटला. सुमारे 36,000 किलोमीटरवर तो एका जागी स्थिर दिसतो आणि हौशी रेडिओवाल्यांसाठीही त्यात सोय आहे. आपल्याकडून तो पश्चिमेच्या सतरा अंश दक्षिणेला, क्षितिजापासून तेहतीसेक अंश वर. टाकीजवळच्या सळ्यांनी होकायंत्र बहकले, म्हणून पोराने सावलीवरून दिशा काढली. छत्री मात्र जवळजवळ उभीच! मला वाटले, चुकला. तर अशा छत्रीची नजर तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते म्हणे. बोटभर सरकवली की आवाज गडप. तासाभराने खरखरीतून कुणीतरी परदेशी बोलू लागला.

स्वतः बोलायचे तर सरकारी परीक्षा देऊन परवाना लागतो. त्याचा अभ्यास चालू आहे. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानहून निरोप पोचवले ते अशाच परवानाधारक हौशींनी. भाडे मिळते म्हणून मोबाइलच्या मनोऱ्याला गच्ची देणाऱ्या सोसायट्यांना या पोरांसाठी चार फूट जागा सापडू नये?

पुढच्या सभेत मी त्याच्या बाजूने हात वर करणार आहे. आधी वॉटरप्रूफिंग उरकू द्या, हे सेक्रेटरींचे म्हणणे मात्र मला मान्य आहे.